वेलांटीवाली

धाकटीला नोकरी लागली तेव्हा ती तिथे नक्की काय करणार, हे घरात कुणालाच नीट कळलं नव्हतं. आई शेजारी सांगायची, "कॉम्प्युटरवर आकडे बघते." थोरली फोनवर चिडवायची, "दिवसभर नुसतं बघतेस? आणि बघून झालं की?" संख्याशास्त्राची पदवी, त्यावर चार महिन्यांचा वर्ग, अठ्ठावीस अर्ज आणि तीन मुलाखती एवढं सगळं पार करून ती डेटा ॲनालिस्ट झाली होती, पण ते दोन शब्द घरात कुणाच्या तोंडी बसत नव्हते. बाबांनी फक्त एकदा विचारलं, "दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं, असंच ना?"

"बरंचसं तेच."

"मग माझंच काम की," बाबा म्हणाले आणि त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा घेतला.

बाबा मुद्रितशोधक होते. एकतीस वर्षं एका छापखान्यात ओळीखाली पट्टी धरून वाचत आले होते. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही ते तसाच वाचत, बोट सरकवत, काना-मात्रेसकट. आई म्हणायची, "लग्नाआधी मी पाठवलेलं पहिलं पत्र ह्यांनी लाल खुणा करून परत पाठवलं होतं. तरी केलं मी लग्न." बाबा म्हणायचे, "दुसऱ्या पत्रात एकही चूक नव्हती." धाकटी ह्या घरात वाढली होती. तिला अक्षरओळख झाली तीच मुळी वेलांटी कुठल्या बाजूला वळते ह्यावरून ओरडा खात.

नोकरी एका डोळ्यांच्या दवाखान्यात होती. तिची खोली म्हणजे नोंदणीच्या काउंटरमागचा एक चिंचोळा तुकडा. मध्ये दुधी काचेची भिंत, वर वीतभर फट. पलीकडचं माणूस दिसत नसे, पण त्याचा शब्द न् शब्द ऐकू येई. टेबलाशेजारी चष्म्याच्या रिकाम्या डब्यांची खोकी रचलेली होती आणि खुर्चीचं एक चाक अडकत असे.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी, म्हणजे दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या व्यवस्थापकांनी, तिला बोलावलं. तपासणीची तारीख जवळ आली की दवाखान्यातून पेशंटला फोन जाई. पण यादी बारा वर्षांची, नोंदी घेणारे हात सतरा, त्यामुळे एकच माणूस यादीत तीन-तीनदा आलेलं. साहेब म्हणाले, "एक आजोबा काल इथे येऊन भांडून गेले. म्हणे, सकाळपासून तीन मुली मला डोळे दाखवायला बोलावतायत, माझ्या बायकोला काय सांगू? मॅडम, ती यादी एकदाची स्वच्छ करा."

धाकटी कामाला लागली. यादी देवनागरीत होती आणि गोची तिथेच होती. एकाने ऱ्हस्व लिहिलेलं दुसऱ्याने दीर्घ लिहिलेलं, एकाचा अनुस्वार दुसऱ्याने गाळलेला, मात्रा तर कुणी वाऱ्यावर सोडलेल्या. तिने बरेच उपाय करून पाहिले. शेवटी एक युक्ती सुचली. नावं ताडून पाहताना नुसती अक्षरं पाहायची. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार सगळं बाजूला ठेवायचं. अक्षरं तीच, जन्मतारीख तीच, पत्ता तोच, फोन तोच, तर माणूसही तोच. त्यातली नवी नोंद ठेवायची, जुनी काढून टाकायची.

तिने आज्ञा दिली आणि काही क्षणांत पडद्यावर उत्तर आलं. चौदाशे बारा नोंदी जादा होत्या.

ह्या चौदाशे बारा नोंदी काढण्याआधी डोळ्यांखालून घालायच्या, हे तिला ठाऊक होतं. वर्गात शिकवलं होतं, घरात तर रक्तातच होतं. तिने पहिल्या शंभर वाचल्या. शंभरच्या शंभर बरोबर. तोवर दुपारचे चार वाजले होते, डोळे चुरचुरत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक होती. शंभरात एकही चूक नाही, मग पुढे कुठून येणार, असं तिने स्वतःला समजावलं आणि उरलेल्या तेराशे बारा एका कळीसरशी काढून टाकल्या.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "सगळ्या तपासल्यात ना?"

"हो," ती म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही. तो शब्द जणू आधीच जिभेवर येऊन बसला होता.

साहेबांनी टाळ्या सुरू केल्या, डॉक्टरांनीही वाजवल्या. साहेब म्हणाले, "बारा वर्षांचा गुंता पोरीने पाच दिवसांत सोडवला." तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. संध्याकाळी घरी तिने सगळं रंगवून सांगितलं. बाबा पट्टी पुसत ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "किती वाचल्यास?"

"सगळ्या."

"मग ठीक," बाबा म्हणाले.

हे दोन शब्द तिला पुढे फार दिवस ऐकू येत राहिले. पण तेव्हा नाही. तेव्हा ती मजेत जेवली.

सात महिने गेले. फोन एकेकालाच जाऊ लागले, भांडणं थांबली. तिची परीक्षेची, म्हणजे नोकरी पक्की होण्याआधीची, मुदत संपायला एक महिना उरला होता आणि काउंटरवरची ताई तिला म्हणायची, "तू काय, आता पक्कीच." मग एका सोमवारी सकाळी काचेपलीकडून एक खणखणीत आवाज आला.

"हिला फोन आला, मला नाही. असं कसं?"

"मावशी, नाव सांगा," काउंटरवरची ताई म्हणाली.

आवाजाने नाव सांगितलं. कळफलकाचा खडखडाट झाला. "हे बघा, तुमचं नाव आहे. तुम्ही गेल्या आठवड्यात येऊन गेलात."

"ती ही. माझी बहीण. तिच्या नावाच्या शेवटी काना आहे, माझ्या नावाच्या शेवटी वेलांटी. आम्ही जुळ्या. आमच्या वडिलांना दोन नावं सुचली नाहीत, एकच सुचलं, ते त्यांनी दोघींना वाटून दिलं. शाळेपासून सगळे आम्हाला कानावाली आणि वेलांटीवालीच म्हणतात. तुमच्याकडे दोघींचा काचबिंदू एकाच दिवशी सापडला होता. दर सहा महिन्यांनी या म्हणाला होतात, फोन करू म्हणाला होतात."

धाकटीचे हात कळफलकावर होते तिथेच राहिले.

दुसरा आवाज, अगदी तसाच पण थोडा बसका, म्हणाला, "मी हिला म्हटलं, फोन आला नाही तरी चल. तर ही म्हणते, नसेल माझी गरज, गरज असती तर बोलावलं असतं. शिलाईमशीन सोडून उठायचं नाही हिला."

"वेलांटीचं नाव दिसत नाही, मावशी," काउंटरवरची ताई ओशाळून म्हणाली. "सिस्टिमने तुम्हा दोघींना एक केलेलं दिसतंय."

"कुणी?"

"सिस्टिमने."

"बोलव तिला बाहेर," वेलांटीवाली म्हणाली. "मी बोलते तिच्याशी. आमच्या आईला साठ वर्षांत आम्ही कधी एक वाटलो नाही, हिला कशा वाटलो ते विचारते."

बाकावरची माणसं हसली. ताईही हसली. काचेच्या अलीकडे धाकटीने जुनी फाईल उघडली, काढलेल्या नोंदींची. शोधायला वेळ लागला नाही. क्रमांक सहाशे तीन. अक्षरं तीच, जन्मतारीख तीच, पत्ता, फोन तोच. फरक फक्त शेवटी. एक वेलांटी, जी तिने न वाचता काढली होती. ती वाचली असती तर? सहाशे तिसऱ्या ओळीपर्यंत पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार पुरली असती.

वेलांटीवालीची तपासणी तासभर चालली. परत आली तेव्हा तिच्या आवाजातला खणखणाट उतरला होता. बहिणीला सांगत होती, "डाव्या डोळ्याची बाहेरची कड गेली म्हणतात. म्हणून तर दाराची चौकट लागते मला हल्ली. मला वाटलं, वय झालं. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर औषध वाढवून थोपवलं असतं. आता राहिलंय तेवढं राखायचं. गेलेलं परत येत नाही."

"बाकीचं दिसतं ना नीट?"

"दिसतं. तू दिसतेस. नको तेवढी."

कुणीही हसलं नाही. धाकटी खुर्चीत आणखी खाली सरकली, जणू दुधी काचेतूनही कुणाला ती दिसली असती.

दुपारी साहेब तिच्या खोलीत डोकावले. "त्या जुळ्या बायकांचं काय झालं म्हणे?"

तिने तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं, निदान तिला तसं वाटत होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच. "सिस्टिममध्ये काहीतरी गडबड झालेली दिसते, सर. मी बघते."

"बघा," साहेब म्हणाले आणि गेले. अविश्वास दाखवला असता तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीशी बसून वाचत होते. ओळीखाली पट्टी, पट्टीवर बोट. छापखान्यातून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी कुणी न कुणी पुस्तकाचे कागद आणून देई. "ये," ते मान वर न करता म्हणाले, "हा लेखक बघ, 'दिन' आणि 'दीन' ह्यांत फरक करत नाही. सगळ्या पुस्तकात दिवस गरीब झालेत." एरवी ती हसली असती. आज तिला त्यांच्या समोरून खोलीत जाता येईना आणि तिथे उभंही राहवेना. ती मोरीत जाऊन तोंड धूत राहिली, आईने "नळ बंद कर, टाकी रिकामी होईल" म्हणेपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून तिने उरलेल्या नोंदी वाचायला घेतल्या. घरून एक जुनी पट्टी आणली होती. ती पडद्यावर ओळीखाली धरून, बोट सरकवत, ओठ हलवत ती वाचत गेली. काउंटरवरची ताई एकदा डब्यासाठी बोलवायला आली आणि दारातच थबकली. "हे काय ग, कॉम्प्युटर मोजतेस का?" धाकटीने पट्टी खालच्या ओळीवर सरकवली.

तेराशे बारा नोंदी वाचायला अडीच दिवस लागले. एवढेच. सात महिन्यांपूर्वीही एवढेच लागले असते. वेलांटीवालीखेरीज आणखी आठ माणसं निघाली, जी दुसऱ्या कुणाच्या तरी नावात बुडाली होती. जुळ्या भावांच्या दोन जोड्या, त्यांतला एकेक यादीतून गेलेला. बाकीची सहा माणसं म्हातारी, ज्यांना आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती आणि म्हणून नोंद घेणाऱ्याने सरसकट एक जानेवारी लिहिलेली. एका घरातल्या दोन जावा, दोघींची एक जानेवारी, दोघींच्या नावात एका उकाराचा फरक. ज्या जाऊबाईंना फोन गेला नव्हता त्या एकोणऐंशी वर्षांच्या होत्या.

नऊ नावं तिने एका कागदावर उतरवली. तो कागद पर्समध्ये दोन दिवस फिरला.

शनिवारी आई बाजारात गेली होती. बाबा पट्टी शोधत होते. "माझी जुनी पट्टी कुठे गेली? लाकडी."

तिने पर्समधून ती काढून दिली. पट्टीबरोबर कागदही बाहेर आला. बाबांनी तो उचलला, सवयीने चष्मा वर केला आणि वाचू लागले. "ह्यांत चूक नाही," ते म्हणाले. "कोण आहेत हे?"

मग तिने सांगितलं. पहिल्या शंभरापासून सांगितलं. साहेबांना दिलेलं 'हो' सांगितलं, सिस्टिमची गडबड सांगितली. दोन वाक्यं उरली होती, ती सांगायला सगळ्यात जड गेली. "तुम्ही विचारलंत तेव्हा मी सगळ्या म्हणाले. शंभर वाचल्या होत्या."

तिला वाटलं, बाबा ओरडतील. ओरडले असते तर तिला रडता आलं असतं. त्यांनी कागद परत दुमडला, आधीच्याच घडीवर. "वेलांटी काढलीस," ते म्हणाले. तिच्याकडे न बघता म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "आता किती वाचल्यास?"

"आता सगळ्या."

ते उठले, कपाटातून एक जुनं पुस्तक घेऊन आले. पहिल्या पानाला डकवलेली एक पिवळी कागदी पट्टी उघडून त्यांनी तिच्यासमोर धरली. वर लिहिलं होतं, शुद्धिपत्र. "हे माझं. सव्विसाव्या वर्षी. सोळा चुका, सगळ्या माझ्या नजरेतून सुटलेल्या. मालक म्हणाले, डकव स्वतःच्या हाताने, हजार प्रतींना. डकवली." त्यांनी रकान्यांवरून बोट फिरवलं. "बघ, दोनच रकाने असतात. काय छापलं आणि काय हवं होतं. कसं झालं, का झालं, कुणाला ताप आला होता, असा तिसरा रकाना नसतो. तुझ्या त्या सिस्टिमला इथे जागा नाही."

"नोकरी जाईल."

"जाईल कदाचित," बाबा म्हणाले. समजूत काढायची त्यांची पद्धत नव्हती.

सोमवारी ती साहेबांसमोर उभी राहिली आणि दोन रकान्यांचा कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला. मग म्हणाले, "तुम्ही सिस्टिम म्हणाला होतात."

"मी होते, सर. यादी सगळी तपासली असंही म्हणाले होते. शंभरच तपासल्या होत्या."

साहेबांचा चेहरा पडला. रागापेक्षा ते ओशाळल्यासारखे दिसले. त्या टाळ्या त्यांनीच सुरू केल्या होत्या. "हे मला वर कळवावं लागेल," ते म्हणाले. "पक्कं करायचं पत्र आता निघत नाही. परीक्षेची मुदत सहा महिने वाढेल, तीही वरून मान्य झाली तर. आणि ह्या नऊ जणांना फोन तुम्ही करा. काउंटरवरून नाही. तुमच्या तोंडाने."

आठ फोन तिने केले. जाऊबाईंनी फोन उचलला आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, मला वाटलं विसरलात." ह्या वाक्याने तिला जेवढं लागलं तेवढं कुणाच्या शिव्यांनी लागलं नाही, आणि शिव्याही दोघांनी दिल्या. नववा फोन तिने केला नाही. नोंदीतला पत्ता घेऊन चालत गेली.

तळमजल्यावरची खोली, रस्त्याकडे उघडं दार, दाराशी शिलाईमशीन. भिंतीला शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. वेलांटीवाली काज करत होती, मान डावीकडे किंचित वळवून. कानावाली आत पालेभाजी निवडत बसली होती. धाकटीने दवाखान्याचं नाव सांगितलं आणि मग, उभ्यानेच, सगळं सांगून टाकलं. तिसरा रकाना न घालता.

मशीन थांबलं. "म्हणजे ती सिस्टिम तू?" वेलांटीवालीने विचारलं.

"हो, मावशी."

"अगदीच लहान आहेस की."

कानावाली भाजी टाकून उठली. "लहान? हिचा डोळा गेलाय, कळतंय का तुला? त्या कडेने ती आता मोटार बघू शकत नाही, सायकल बघू शकत नाही. आणि तू एक वेलांटी वाचू शकली नाहीस? शाळा शिकलीस की नाही?"

धाकटीची मान खाली गेली. माझे बाबा मुद्रितशोधक आहेत, हे ती कुणाला सांगणार होती?

"कानावाले, गप," वेलांटीवाली म्हणाली. मग धाकटीकडे वळून, पण थोडं चुकीच्या दिशेला बघत, "आणि तू तिथे उभी राहू नकोस. त्या बाजूची मला दिसत नाहीस. नुसता आवाज येतोय."

धाकटी मशीनला वळसा घालून उजवीकडे आली. तिथे एक स्टूल होतं, त्यावरचे गणवेश उचलून ती बसली. वेलांटीवालीने तिला नीट न्याहाळलं, कपाळापासून चपलेपर्यंत, घाई न करता, कापडातला दोष शोधावा तसं. धाकटीला वाटलं, तोंड फिरवावं. फिरवलं नाही. एवढं तरी आपण देणं लागतो, असं तिला वाटलं.

"पुढची तपासणी कधी?" शेवटी वेलांटीवालीने विचारलं.

"तीन महिन्यांनी. मी स्वतः फोन करेन."

"नोकरीवर असलीस तर."

"नसले तरी करेन."

वेलांटीवाली माफ केलं म्हणाली नाही, धाकटीनेही विचारलं नाही. कानावालीने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं, पेन्सिल धाकटीच्या हातात दिली आणि म्हणाली, "लिही इथे. हिचं नाव लिही. पूर्ण."

धाकटीने तारखेखाली नाव लिहिलं. शेवटच्या अक्षराशी तिचा हात थांबला, मग तिने वेलांटी काढली, वरून खाली, उजव्या बाजूने, लहानपणी बाबांनी शिकवली होती तशी. कानावालीने कॅलेंडर उजेडात धरून ती तपासली आणि परत खिळ्याला अडकवलं. मशीन पुन्हा सुरू झालं.